चाल ताईची, साथ बारक्याची

ता. ३ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. भाऊजींचा गुडघा ताळ्यावर आला हे वाचून बरं वाटलं. माझं विचारशील तर तब्येत ठणठणीत आहे, फक्त डोकं फिरलंय.

छापखान्यातून निवृत्त झाल्यापासून घर खायला उठतं. ही गेल्यावर भिंतींशी तरी किती बोलणार? म्हणून इथल्या मॉलमध्ये, सरकत्या जिन्याखाली, व्हायोलिन वाजवायची परवानगी काढली. महिनाभर बघू, असं मॅनेजरसाहेब म्हणाले. समोर व्हायोलिनची पेटी उघडी ठेवायची. लोक खूश झाले तर टीप टाकतात.

पण लोकांना कान नाहीत गं. बाबांच्या सगळ्या चाली त्यांनी शिकवल्या तश्शा वाजवतो, एक सूर इकडचा तिकडे होऊ देत नाही. तरी कोणी थांबेल तर शपथ. फरशी पुसणाऱ्या बाई रोज विचारतात, काका, सुरू कधी करणार? चपलांच्या दुकानदाराने वाद्य कुठे दुरुस्त करून मिळतं याचा पत्ता दिला. काल तर मॅनेजरसाहेबांनी गोड आवाजात सुचवलं, की तारा जुळवायचं काम घरीच उरकून येत जा. तेव्हा मी अख्खा कार्यक्रम संपवून घाम पुसत होतो.

भाऊजींना नमस्कार. माझ्यावर माया आहे तशीच ठेव, सध्या दुसरं कोणी ठेवत नाहीये.

तुझा,
बारक्या


ता. ९ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी कपाळावर हात मारला. तुझे भाऊजी विचारत होते काय झालं, त्यांना सांगताही येईना.

अरे शहाण्या, तू वाजवतोयस काय? बाबांनी आपल्याला वाटून दिलं होतं ना, चाल माझी आणि साथ तुझी. माझं लग्न झाल्यावर तू छापखान्याची नोकरी सांभाळून बँडमध्ये गेलास, तिथेही मागच्या रांगेत बसून साथच केलीस. आता त्या जिन्याखाली एकटाच उभा राहून तू साथ वाजवतोयस. दोन सूर ओढायचे, थांबायचं, पुन्हा दोन सूर. लोकांना कान आहेत रे बाबा, चाल कुठे आहे? त्या फरशीवाल्या बाईंचे तर पाय धरायला हवेत.

तुला हे कळलं कसं नाही, याचंच मला नवल वाटतं. आता मुकाट्याने माझा भाग शिक. सगळा तुला तोंडपाठ असणार, लहानपणी शेजारी बसून ऐकलायस. आणि मला तिकडे बोलावू नकोस, आधीच सांगून ठेवते. बोटं आखडलीत, वाद्य माळ्यावर आहे, आणि या वयात रस्त्यावरच्यासारखी पेटी पसरून बसायची मला लाज वाटते.

वेळेवर जेवत जा. रागावले तरी आशीर्वादात काटछाट नाही.

तुझी,
ताई


ता. १७ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

तू म्हणालीस ते खरं निघालं. तुझं पत्र वाचून मी घरात वाजवून बघितलं, आणि पहिल्यांदा कान देऊन ऐकलं. माझंच मला हसू आलं, मग आलं नाही.

तुझा भाग शिकायला घेतला. सूर सापडतात, पण तुझी श्वास घ्यायची जागा आली की हात आपोआप माझ्या भागावर जातो. काल मॉलमध्ये तसंच झालं. मध्येच अडलो, आणि जिन्यावरची माणसं मान वळवून बघत वर गेली. मॅनेजरसाहेबांकडे एक गिटारवाला रांगेत आहे. महिनाअखेरच्या शनिवारी शेवटचं ऐकतो म्हणाले.

मी जागा सोडायची म्हणतोय. खरं सांगू का, तुझी चाल मी वाजवली की मला बाकी काही ऐकू येत नाही. माझी साथ वाजवतो तेव्हा निदान तू तरी ऐकू येतेस. इतके दिवस तेवढ्यासाठीच जात होतो बहुतेक. ते घरी बसूनही करता येईल.

तुला बोलावत नाही, काळजी नसावी. मायेत कमी करू नकोस.

तुझा,
बारक्या


ता. २२ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझ्यासारखा छळवादी भाऊ कोणाच्या वाट्याला येऊ नये. बोलावत नाही म्हणतोस आणि असं लिहितोस.

भाऊजींना गुडघ्यासकट माळ्यावर चढवलं. तारा गंजल्या होत्या, नव्या आणवल्या. काल दुपारी स्वयंपाकघराचं दार लावून बाबांची सकाळची चाल धरली. बोटं कुरकुरली, पण गेली. अर्ध्यात आले आणि थांबले. भाऊजी बाहेरून म्हणाले, का गं, विसरलीस? मी म्हटलं, विसरत नाही, बारक्या यायचाय. त्या जागी तुझे दोन सूर असतात ना. मी तशीच गज उचलून उभी, आणि तू काही येईनास. मग मला फार रडू आलं, आणि मग तुझा फार राग आला.

शुक्रवारच्या बसने निघते. जिन्याखाली दोन खुर्च्या मांड, एक पाठीची, माझी कंबर धरते. पेटी तुझीच उघड, माझी मी उघडणार नाही. चुकले तर बाबांसारखं डोळे वटारून बघायचं नाही.

बाकी भेटीत. तोवर माझा राग आणि माया दोन्ही सांभाळून ठेव.

तुझी,
ताई

ता. क. त्या फरशीवाल्या बाईंना सांग, शनिवारी सुरू करणार.