श्रीशैलच्या वाटेसाठी लेगगार्ड

४ जानेवारी १९७४
गेल्या महिन्यात काशम्माला माहेरून, वैरागहून, घेऊन येताना बुलेटवरून पडलो. त्याची खरी किंमत: माझ्या उजव्या पायाची दोन बोटं प्लास्टरमध्ये, बावीस दिवस कारखाना दुसऱ्याच्या भरवशावर, आणि तिला खरचटलंही नाही, तरी मागं बसायची बंद. शेवटचं सगळ्यात महाग. शिवरात्रीला गाडीवरून श्रीशैलला नेतो, असं गल्लीभर सांगून बसलोय!

चूक माझी नाहीच. ट्रक उजवीकडून घासून गेला. हॉर्न नाही, काही नाही. दिला असता तर मला कळला नसता? साठ मागांच्या खडखडाटात नेमका कुठला माग अडखळतोय ते सांगणारा मी. मिलमध्ये वीस वर्षं काढली, या कानांवरच आज आठ मागांचा मालक झालो.

९ जानेवारी
पुणे नाक्यावर वीरभद्रप्पाच्या वेल्डिंगच्या दुकानात. तयार लेगगार्ड दोन. एक अरुंद — पाय पुढं सोडला की नळी थेट नडगीला. दुसरा ऐसपैस, पण वळणावर गाडी कलली की रस्त्याला घासणार. म्हटलं, इंजिन वाचलं पाहिजे, पाय वाचला पाहिजे, आणि एवढ्या लांबच्या रस्त्याला पाय टेकून बसताही आलं पाहिजे.
"मालक, लेगगार्ड पायजे का पलंग?"
"दोन्ही. पैसे एकाचेच."

१९ जानेवारी
नळीत कोरडी वाळू ठासली, तापवून वाकवली — म्हणजे चेपत नाही. मी गाडीवर बसून पाय लांबवला, मापाला. वीरभद्रप्पानं उजवीकडून येऊन एकदम गुडघाच धरून ओढला. "कवापासून हाका मारतोय मालक! नळी गरम हाय." माझं लक्ष मापात होतं.

२ फेब्रुवारी
गार्ड बसला. वरून मागाचा जुना चामडी पट्टा गुंडाळला. पाय टेकला, गादीच. काशम्मानं हात फिरवून पाहिला. "चांगलं झालंय की." पण बसली नाही. शेजारची तानाबाई डावीकडच्या ओट्यावरून पुटपुटली, "गाडीला लोखंड घातलं, वैनीला काय घालनार?" ऐकलं मी. अजून अठरा दिवस आहेत. बसवतोच.

३ फेब्रुवारी
पुन्हा विचारलं. "बघू."

५ फेब्रुवारी
जेवण झाल्यावर सरळच विचारलं — एवढा भक्कम गार्ड, आता भीती कसली? उठून माझ्या डाव्या बाजूला येऊन बसली. अलीकडं डावीकडंच बसते. म्हणाली, "चारचौघांत बोलले न्हाई. ट्रकवाल्यानं हॉर्न दिला होता. लई वेळ देत होता."