ठकी घरी येतेय

आई,

तुम्हाला आत्ता कुठे डोळा लागलाय, म्हणून उठवत नाही. ठकीला आणायला हॉस्पिटलात जातेय. दुपारपर्यंत येऊ.

तिचा पलंग खिडकीपाशी हवा. एकट्या ओढू नका, कंबर धरेल. शेजारच्या दादांना हाक मारा. मऊ भात लावून ठेवा. खाईल तेवढं खाऊ दे, आग्रह नको. दुखणं थांबवायचं औषध मी आणतेय. आता तेवढंच द्यायचं. बाकीची सगळी काल बंद केली.

काल तुम्ही म्हणालात, "स्वतः नर्स असून पोटच्या पोरीसाठी हात टेकलेस?" त्याचं उत्तर इथे लिहितेय. आणखी डोस दिले असते तर थोडे दिवस मिळाले असते, पण ते उलट्यांत आणि सुयांत गेले असते. परवा मी ड्यूटीवरून तशीच युनिफॉर्ममध्ये तिच्या खोलीत गेले, तर तिने दोन्ही हात पांघरुणात लपवले. आई, ती मला घाबरली. मग मीच डॉक्टरांना म्हटलं, आता पुरे.

यांच्याशी अबोला धरू नका. रागवायचं तर माझ्यावर रागवा.

सकाळी यांनी फोन तिच्या कानाला लावला. म्हणाली, "घरी यायचं म्हणजे मी बरी झाले ना गं?" मी हो म्हटलं. तुम्हालाही विचारेल. तुम्हीही हो म्हणा. आणि रडू आवरलं नाही, तर मोरीत जाऊन नळ सोडा. मीही तेच करते.