गुठळीच्या पोटात काय आहे

तुझ्यावर माझा राग आहे, तो आधी ऐक. रामराम नंतर. छातीत काय होतंय ते तू कधी विचारलंच नाहीस, माय. उमरीच्या डॉक्टरने बाबांना बाजूला नेलं, दोघं कुजबुजले, बाबा येऊन म्हणाले, "थंडी बसलीय." तू मान हलवलीस आणि परत चुलीत फुंकणी घातलीस. खोकत राहिलीस आणि एक दिवस गेलीस. कशाने गेलीस ते तुला कळलं नाही, मलाही नाही.

आता ऐक माझं. मी औशाच्या घरी अंगणात घसरून पडले. बरगडी मोडली का बघायला पोराने लातूरला नेलं, मशीनमध्ये घालून छातीचा फोटो काढला, तर बरगडी शाबूत आणि फुप्फुसात डाग! काही महिन्यांनी परत त्या मशीनमध्ये घातलं, डाग जागचा हलला नव्हता. पोरगा मला म्हणाला, "न्यूमोनियाचा डाग हाय आई, जाईल." आणि डॉक्टरीणबाईने त्यालाच बाहेर बोलावलं. मी खाटेवरून उतरले आणि गेले त्याच्या मागे.

"आई, तू बस की आत."

"कामून? छाती तुझी हाय का माझी?"

डॉक्टरीणबाई हसली. पोरगी माझ्या नातीच्या वयाची. म्हणाली, "या आजी, दाखवते," आणि पडदा माझ्याकडे फिरवला. काळंभोर फुप्फुस, आणि त्यात आरशावर वाफ सोडावी तसा धुरकट ठिपका. त्यातून आतल्या शिरासुद्धा दिसत होत्या. मधोमध मात्र ज्वारीच्या दाण्याएवढं पांढरं, पलीकडचं काही दिसू न देणारं.

"कॅन्सर हाय का?" मी विचारलं.

"तसाच वाटतोय, आजी. पण डाग सगळा धुरकट असला, तर काढून टाकल्यावर बहुतेक माणसं चांगली राहतात. हा पांढरा टणक भाग जेवढा मोठा, तेवढी पुढची काळजी जास्त. तुमच्यात धुरकट जास्त आहे, टणक थोडा."

"म्हंजी मी वाचते का मरते?"

"आशा चांगली आहे. पण फोटोवरून अंदाजच. काढून तपासल्यावर खरं कळेल."

मला तिथेच काय आठवावं, तर तुझी आंबील. मी परकरातली, पीठ ताकात कालवायचा कंटाळा म्हणून थेट आधणात टाकते. भराभर गुठळ्या होतात. तू पळीचा दांडा माझ्या बोटांवर हाणतेस. मी म्हणते, शिजल्यात की! तू म्हणतेस, "वरून गुळगुळीत दिसतंय म्हणून पोटातलं कळतंय व्हय गं? फोड ती." मी भांड्याच्या कडेला दाबून एक फोडते, आत कोरडं पीठ. दुसरी फोडते, ती आतपर्यंत शिजलेली. वरून दोन्ही सारख्याच होत्या. ह्या डॉक्टर पोरीला न फोडता निम्मं तरी दिसतंय, माय. पुढं काय होणार त्याचा अंदाज सावलीवरून बांधतात! मला तर डागापेक्षा त्याचंच नवल वाटून राहिलंय.

तिने विचारलं, तुम्ही बिडी ओढत होता का? म्हटलं, बिडी सासऱ्याने ओढली आणि म्हातारा होऊन सुखाने गेला. मग म्हणाली, चुलीवर किती वर्षं? मी सांगितलं, गॅस दारात येईपर्यंत. ती म्हणाली, धुराने होऊ शकतं, पण तुमचं त्यानेच झालं असं ठाम सांगता येत नाही. तेव्हापासून तू डोक्यातून जात नाहीस. तुझं काय होतं? वाफ होती, दाणा होता, का खरंच नुसती थंडी? तुझ्या तोंडाचा एक फोटो नाही घरात, छातीतला कुठून आणू?

पोरगा म्हणतो, वय झालं, चिरफाड नको. मी म्हटलं, फोडल्याशिवाय कळत नाही, हे मी मायचा मार खाऊन शिकलेय. सोमवारी ऑपरेशन आहे.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून माझ्या छातीच्या फोटोच्या पाकिटातच ठेवते. आणि एक सांगते, हसू नको. माझ्या आंबिलीत अजून गुठळ्या होतात. आता सून करते म्हणून झाकून राहिलंय.

उत्तर तू देऊ नकोस. पोरानेही द्यायचं नाही, तो गोड खोटं बोलतो. तपासणीचा निकाल आला की डॉक्टरीणबाईने माझ्या खाटेपाशी यायचं आणि मला तोंडावर सांगायचं. ह्या खेपेला पोरगा बाहेर उभा राहील.