चाखून न पाहिलेला दुधी

अहो,

“येलले पानी कमी पडनं का दुधी कडू व्हस. पहिले चाखी देख, मंग रांध,” असं आई बजावून गेल्या होत्या. मी हसण्यावारी नेलं. आपण लग्नाला गेलो तेव्हा परसातला वेल भर उन्हात कोरडा राहिला, आणि आज त्याचाच दुधी मी न चाखता फोडणीला टाकला.

हेतवी पहिल्याच घासाला म्हणाली, “मम्मी, कडू शे.” मला वाटलं, रोजचे नखरे. “भाजी संपव, मग कुल्फी,” म्हणत मीच भरवलं. आता तिच्या उलट्या थांबत नाहीत. मघाच्या उलटीत लालसर दिसलं. सुकलालभाऊंच्या रिक्षाने तिला शहाद्याला दवाखान्यात नेते आहे. तुमचा फोन इथेच चार्जिंगला आहे, तो घेऊन या.

कढईतली भाजी गुरांपुढेही टाकू नका. डॉक्टरांना दाखवायला थोडी डबीत घेतली आहे. मोगऱ्याचं, वांग्यांचं पाणी आज राहू द्या.

पण दवाखान्यात येण्याआधी एक करा. सकाळी त्याच वेलाचा दुसरा दुधी मी मागच्या गल्लीतल्या जमनाकाकूंना दिला. शुगरसाठी त्या त्याचा रस पितात, आणि कडू लागला तरी औषध समजून सगळा पितील. घरात एकट्याच आहेत. आत्ता त्यांच्या दारातून हाका मारल्या, ओ आली नाही, आणि हेतवीला कडेवर घेऊन मला थांबता आलं नाही. त्यांचं मागचं दार नुसतं लोटलेलं असतं. आधी त्यांना बघून या.