हिच्या आवाजाचा प्रोग्राम

२ मार्च
डॉक्टर म्हणाले, घशातली गाठ काढताना स्वरयंत्रही काढावं लागेल. हिचं बोलणं कायमचं बंद. ऑपरेशन महिनाअखेरीस. सगळे हबकले. मी नाही. रिटायर झालो तरी हाडाचा प्रोग्रामर आहे. हिचे रोजचे शब्द हिच्याच आवाजात रेकॉर्ड करायचे, बटण दाबलं की टॅब बोलणार. त्यासाठी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला घेतली. आठवड्याचं काम.

६ मार्च
बटणं दिसू लागली. ही म्हणाली, आधी माझा आवाज तरी भरून घ्या. समजावलं, आधी पाया, मग रंगरंगोटी. रेकॉर्डिंग एका दुपारचं काम.

११ मार्च, सकाळ
पायथन सोडली. बटण दाबल्यावर आवाज किंचित उशिरा येतो. हिला ताटकळत ठेवणारा प्रोग्राम मी देणार नाही. रस्ट ही दुसरी, वेगवान भाषा घेतली. सगळं पहिल्यापासून.

१५ मार्च
रस्ट ओळीओळीत खोट काढते. सासऱ्यांनीही लग्नाआधी इतके प्रश्न विचारले नव्हते. मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, मोबाईलवर रेकॉर्ड करा ना, पाच मिनिटं लागतात. या पिढीला पायाभरणी कळत नाही.
दुपारी ही गुळण्या करून, खुर्ची ओढून शेजारी बसली. म्हटलं, उद्या नक्की.

१९ मार्च
हिचा आवाज बसलाय. बरंच झालं. बसक्या आवाजात रेकॉर्ड करण्यात अर्थ नाही. तेवढ्यात एलिक्सर बघून घेतो. सुंदर भाषा आहे.

२२ मार्च
गाठ वाढली म्हणून आजच दाखल केलं. उद्या ऑपरेशन. वॉर्डात नेताना ही काहीतरी म्हणाली. मी लॅपटॉपवर मायक्रोफोन का चालत नाही ते बघत होतो. हो हो म्हटलं. काय म्हणाली, ते ऐकलंच नाही.

१४ एप्रिल
ही घरी आली. प्रोग्राम पूर्ण, एकही एरर नाही. प्रत्येक बटणामागे चाचणीसाठी भरलेला माझा आवाज आहे. हिचा भरायचा राहिला. राहिला कसला, मी राहू दिला.
टॅब हिच्या उशाशी ठेवला. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात भांडी विसळत होतो. आतून माझ्याच आवाजात हाक आली, अहो.
ती हिने मारली हे कळायला मला वेळ लागला. तोवर हिने पुन्हा बटण दाबलं. मी ओट्याला धरून रडत होतो. ओ देता येईना.