दोनच माणसांची गाडी

बिबवेवाडी,
सर्वपित्री अमावास्या, दुपारी

प्रिय अहो,

सदतीस वर्षांच्या संसारात तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. पत्र लिहावं इतके लांब तुम्ही कधी गेलाच नाहीत. आत्तासुद्धा वडे-खीर जेवून आतल्या खोलीत आडवे झाला आहात आणि मी ओट्यापाशी स्टूल ओढून लिहिते आहे. अनंत चतुर्दशीपासून आपला अबोला आहे, म्हणजे आज पंधरा दिवस झाले. तोंडाने सांगायला गेले तर आधी कोण बोललं यावरच तुम्ही संध्याकाळ काढाल. लिहिल्याने अबोला मोडत नाही, असं मी धरून चालते.

त्या दिवशी मी विसर्जनाची बादली भरत होते आणि तुम्ही वाटली डाळ खाता खाता सलिलला सांगितलंत, की आईच्या खात्यात बावीस लाख पडून आहेत, ते घे आणि घटस्थापनेच्या मुहूर्तावर मोठा फ्लॅट बुक करून टाक. आईच्या म्हणजे माझ्या. सलिलचा खराडीचा फ्लॅट काही गळत नाहीये, त्याला एक खोली जास्त हवी आहे, व्यायामाची. ते पैसे कुठून आले हे तुम्हाला माहीत आहे. माझी आई गेल्यावर येरवड्याचं घर विकलं आणि उत्तरेश्वरने, मी तोंड न उघडता, अर्धा वाटा माझ्या नावावर भरला. भावाने न मागता दिलं, नवऱ्याने न विचारता वाटलं. मी तिथेच, ओल्या हातांनी सांगितलं, की हे पैसे कोणाला मिळणार नाहीत, मी गाडी घेणार आहे. खराडीच्या रस्त्याला जुन्या गाड्यांचं दुकान लागतं ना, तिथे उभी असते तसली, दोन दारांची, दोनच माणसांची. सलिल हसला. तुम्ही म्हणालात, "आणि पाहुणे काय डिकीत बसणार?" मग चष्मा पुसलात आणि म्हणालात, "परवापासून पितृपंधरवडा आहे, गाडीचं नावसुद्धा काढायचं नाही." त्यानंतर तुम्ही गप्प, मी गप्प.

नाव काढलं नाही. जाऊन पाहून आले. आधी दत्तप्रसाद गुरुजींना फोन करून विचारलं. ते म्हणाले, घ्यायला आडकाठी आहे, पाहायला नाही. शिवाय मॅट्रिकपर्यंतच शिकले असले तरी एवढं मला कळतं, की या पंधरवड्यात गाडीच्या दुकानात कुत्रं फिरकत नाही, आणि गिऱ्हाईक नसलेल्या दुकानदाराइतका नम्र माणूस पुण्यात दुसरा सापडत नाही. पंचमीला तुम्ही बँकेत गेलात तेव्हा मी आपली छोटी गाडी काढली. तुम्हाला संध्याकाळचं नीट दिसेनासं झाल्यापासून ती मीच चालवते, पण 'आमच्याकडे गाडी मी ठेवली आहे' असं तुम्ही अजून सगळ्यांना सांगता. सांगा.

दुकानाचा मालक साईनाथ म्हणून आहे, पन्नाशीचा, पोट सुटलेला, बोलायला गोड. पहिलं वाक्य, "काकू, काका गाडी लावून येतायत का?" मी म्हटलं, काका घरी आहेत, त्यांचा अबोला चालू आहे. त्याने मला एक पांढरी चिमुकली गाडी दाखवली, भाजी आणायला बरी म्हणाला. मी म्हटलं, भाजी दारावर येते, ती कोपऱ्यातली लाल उघडा.

लाल गाडी नवरीसारखी नटवून ठेवली होती. चौदा लाख, आणि माझ्यासाठी म्हणून तेरा. मी पर्समधून फ्रिजवरचा गणपतीचा चुंबक काढला, रुमालात गुंडाळला आणि दारांवरून फिरवत गेले. (तो चुंबक तुम्ही दोन दिवस शोधत होतात.) मागच्या डाव्या अंगाला तो चिकटेना. म्हणजे पत्रा नाही, पुट्टी आहे, वर रंग. मग सीटखालचं मॅटिंग उचलून नाक लावलं. पावसाळ्यात तांदळाच्या कोठीच्या तळाला येतो तसा कुबट वास. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहिला, तर गुंडाळून आत राहणाऱ्या भागावर मातकट रेघ. इंजिनमध्ये तेल ओततात ते झाकण उघडलं, आतून ताकावरच्या लोण्यासारखं पांढरं. तेलात पाणी गेल्याशिवाय असं होत नाही. मी झाकण साईनाथच्या हातात दिलं आणि म्हटलं, ही गाडी पुरात बुडालेली आहे, आणि तुम्हाला ते माहीत आहे. तो म्हणाला, "काकू, तुमचं गॅरेज आहे का?" मी म्हटलं, स्वयंपाकघर आहे.

आणि थोडं तुमचंही आहे त्यात, ते नाकारत नाही. वीस वर्षं दर रविवारी तुम्ही स्कूटर उघडून बसायचात आणि मी शेजारी स्क्रूंची वाटी धरून उभी. तुम्हाला वाटायचं, ही वाटीच धरते आहे.

मी निघाले होते. दाराशी एक निळी दिसली, तीही दोनच माणसांची, धुळीने माखलेली, तिला कोणी पुसलंसुद्धा नव्हतं. समोरच्या भागाला खड्यांचे टोचे, चालवणाऱ्याच्या सीटची कड झिजलेली, एका दाराला पोचा. चुंबक सगळीकडे चिकटला. सर्व्हिसचे कागद मागितले, एकाखाली एक लावले. मीटर आणि कागद एकमेकांशी खोटं बोलत नव्हते. चारही टायर एकाच साली घेतलेले. साईनाथ चालू करून दाखवतो म्हणाला. मी बॉनेटवर हात ठेवला, तर कोमट. मी येण्याआधी त्याने कोणाला तरी दाखवली असेल, नाहीतर दुखणं झाकायला आधीच तापवली असेल. मी म्हटलं, थंड होऊ दे. त्याला वाटलं मी जाईन. मी खुर्ची ओढली, पिशवीतून माळ काढली आणि जपाला बसले. बारा माळा झाल्या. त्याने दोनदा चहा विचारला, मग समोर बसून तोही हात जोडून राहिला, काय करणार. थंड इंजिन एका दमात सुरू झालं, धूर नाही, खडखड नाही.

मग चालवली. आत बसायला देवापुढे पाटावर बसावं इतकं खाली वाकावं लागतं, गुडघे बोलले, साडी दारात अडकली. पण ती निघाली तेव्हा पाठ अशी सीटला टेकली, की मला क्षणभर हसूच आलं. नव्वदवरून ब्रेक दाबून पाहिला, सरळ थांबली. साईनाथ दाराचं कडं धरून "काकू, सावकाश" म्हणत होता. माझ्या आयुष्यात मला 'सावकाश' म्हणणारे खूप आहेत. 'दाब जरा' म्हणणारी एकच होती. आईला डायलिसिसला नेत होते ती दोन वर्षं आठवतात ना? ती पुढे माझ्या शेजारी बसायची. सुया टोचून घ्यायला निघालेली बाई, पण रस्ता मोकळा दिसला की म्हणायची, "सत्या, गाडी चालवतेस की तिरडी नेतेस? दाब की जरा." एकदा येताना मी खरंच दाबली. ती डोळे मिटून बसली होती, मला वाटलं घाबरली. तर म्हणाली, "अशीच जाऊ दे." आठ दिवसांनी ती गेली. हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं.

तुम्ही विचाराल, साठीला आलेल्या बाईला असली गाडी कशाला. उत्तर आहे, मला आवडली. या घरातली एकूणएक वस्तू मी लागते म्हणून घेतली, किंवा स्वस्त मिळाली म्हणून, किंवा तुमच्या आईंना हवी होती म्हणून. खर्चाच्या वहीत कारणाच्या जागी 'आवडली' असं मी कधीच लिहिलं नव्हतं. आता लिहिलं आहे, निळ्या शाईत. पुसणार नाही.

म्हणजे घेतली. तेही सांगते. दशमीला उत्तरेश्वरकडे (घर विकलं तरी तो येरवड्यातच राहतो) आईचं श्राद्ध होतं, मी पान वाढून नुकतीच बसले होते, तेवढ्यात साईनाथचा फोन. निळी दसऱ्याला घेईन असं मी त्याला सांगून आले होते. पितृपंधरवडा न पाळणारं एक गिऱ्हाईक चार वाजता पैसे घेऊन येतंय, तुम्ही दसऱ्याची वाट पाहणार असाल तर माझा नाइलाज आहे. मी देवाला किती मानते ते तुम्हाला माहीत आहे. चतुर्थीचा उपास मी तापातही सोडलेला नाही. मी आईच्या फोटोसमोर उभी राहिले आणि विचार केला, या पंधरा दिवसांत पितर खाली येतात म्हणतात. मग आजच्या तिथीला आई इथेच आहे. पैसे तिच्या घराचे आणि ती स्वतः हजर, याहून मोठा मुहूर्त कुठल्या पंचांगात मिळणार होता? वहिनीला म्हटलं, माझं ताट झाकून ठेव. येरवड्याहून खराडी काही लांब नाही. साईनाथ एकोणीस मागत होता. सोळा लाख साठ हजारांचा चेक देऊन आले. बाकीचे पोस्टात, गाडीच्या पोटापाण्याला. गाडी दसऱ्याला दारात येईल. शास्त्र मोडलं असेल तर माझ्या खात्यावर. गुरुजींनाही तसंच सांगितलं. त्यांनी फक्त रंग कोणता ते विचारलं.

आता हे आजच का लिहिलं ते. उद्या घटस्थापना आहे आणि सलिल दहा वाजता चेक न्यायला येतो आहे. सकाळी त्याने तुम्हाला फोन केला तो मी ऐकला. तुम्ही "ये, ये, तयार आहे" म्हणालात. तयार नाही. मी त्याला काहीही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. शब्द तुम्ही दिलात, परत तुम्हीच घ्यायचा. आजवर असं काही निघालं की मी चहा टाकायला आत जायचे आणि तुम्ही त्याला म्हणायचात, "तुझ्या आईला विचार." उद्या चहा आधीच थर्मासमध्ये भरलेला असेल. घट बसवून झाले की मी बाहेरच्या खोलीत, तुमच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसेन. सुरुवात तुम्ही करा. अडलात तर पुढचं मी सांगेन.

तुमचीच,
सत्यशीला