आईची गुरुवारची बाई

१४ नोव्हेंबर, गुरुवार

रिंगास्किडीच्या ऑफिसातून घरी आले तर सोफ्यावर एक अनोळखी आयरिश बाई. सत्तरीची असेल. कोट अंगात तसाच. समोर किचनच्या कपाटातले पाहुण्यांचे कप, आणि शेजारी आई पाय वर घेऊन बसलेली. मला बघून बाई उठली, ‘ब्रीडा’ एवढं नाव सांगितलं आणि निघून गेली.

“तुह्या क्लबातली हाय,” आई म्हणाली. “बाई दर गुरुवारी येत जाईन.”

मग डोक्यात प्रकाश पडला. आमच्या समाजसेवेच्या क्लबचा एक उपक्रम आहे — एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसांना सोबत म्हणून दर आठवड्याला कुणीतरी भेटतं. डेनिस ते बघतो. मी ख्रिसमसच्या हॅम्परचं, म्हणजे गरजू घरांना द्यायच्या खाऊच्या खोक्यांचं बघते. इतकी वर्षं मी लोकांच्या दारात खोकी पोचवतेय, आणि आता माझ्याच घरी मदत यायला लागली!

आई अकोल्याहून आली ती आमच्याकडे राहायला. एकटी कशी? मी आहे, माझा नवरा उपेंद्र आहे.

१५ नोव्हेंबर

उपेंद्र म्हणतो, “येऊ दे की, आईंचा टाइमपास होतो.” याच्या आईकडे कुणी असं आलं असतं तर बघितलं असतं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

क्लबची मीटिंग. अर्धा वेळ हॅम्परमध्ये बिस्किटांचा डबा घालायचा की पुडिंग, यावर. मी म्हटलं, गेल्या वर्षी बऱ्याच घरांतून पुडिंग तसंच पडून होतं, त्यापेक्षा किराणा दुकानाचं व्हाउचर द्या, ज्याला जे लागतं ते घेईल. “पण हॅम्पर उघडायची मजा वेगळी,” म्हणे. कुणाची मजा? देणाऱ्याची.

निघताना डेनिस म्हणाला, “आई मजेत आहेत ना? फार गोड आहेत.” सगळे माझ्याकडे वळून हसले. मला ते हसू ओळखीचं वाटलं. खोकं हातात देताना मी पण तसंच हसते.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

मुद्दाम लवकर आले. बघते तर ब्रीडा खाली गालिच्यावर बसलेली, डोळे मिटून, आणि आई तिच्या डोक्याला तेल चोळतेय. पांढरे केस पार चिपकलेले. आई आपली वऱ्हाडीतून तिला काहीतरी सांगतेय, कापसाबद्दल बहुतेक. ती मान हलवतेय.

ती गेल्यावर मी म्हटलं, “अगं, ती तुझ्या सोबतीला येते की डोकं चोपडून घ्यायला?”

“दोन्हीले.”

“तुला तिचं एक अक्षर कळत नाही, तिला तुझं.”

“बोलता नाही येत त काय झालं? बसता त येते ना.”

२५ नोव्हेंबर, सोमवार

आज भांडण झालंच. ऑफिसातली गिरिजा विचारत होती, “तुझ्या आईसाठी क्लबची बाई येते ना? दुकानात दिसल्या दोघी.” म्हणजे आता सगळ्या कॅरिगलाइन गावाला माहीत.

घरी येऊन मी म्हटलं, लोकांना वाटतं मी तुला कोंडून ठेवते, उद्यापासून बंद.

“लोकाईचं सोड. तू काऊन तापून रायली?”

“तुला एकटं वाटत होतं तर मला सांगायचं होतं. क्लबला कशाला?”

आई काहीतरी बोलणार होती. मग म्हणाली, “नाही सांगता येत मले,” आणि उठून कणीक मळायला लागली.

मी डेनिसला फोन केला. म्हटलं, थँक्यू, पण आईसाठी हे पुरे.  “त्यांना झेपत नाहीये का?” असलं काहीतरी त्याने विचारलं. मी म्हटलं, हो, तसंच समजा.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

घरून काम केलं. आईने दुपारीच इस्त्रीची साडी नेसली. तिला सांगितलं होतं की आता कुणी येणार नाही. तरी खिडकीशी खुर्ची ओढून बसली. मी मीटिंगमध्ये, कान तिकडे. अंधार पडल्यावर तिने खुर्ची जागेवर ठेवली. 

२९ नोव्हेंबर

हॅम्पर भरायला गेले. पुडिंगच आहे.

आई जेवली नाही. “भूक नाही” म्हणे.

१ डिसेंबर, रविवार

सकाळी बेल वाजली. दारात ब्रीडा. आत येईना. मला म्हणाली, “तुझ्या आईला माझा कंटाळा आला का? डेनिस म्हणतो, त्यांना झेपत नाही.”

मला काही कळेना. मग तीच सांगत गेली. नवरा गेल्यापासून ती घराबाहेर पडत नव्हती. क्लबने दोन-तीन जणांना पाठवलं, तिने कुणाला दार उघडलं नाही. मग चर्चच्या हॉलमध्ये माझी आई आपणहून डेनिसला म्हणाली होती — “आय कम.” ब्रीडाला घराबाहेर काढायचं, म्हणून भेट आमच्याकडे ठरली. आणि हे घरीसुद्धा कुणाला सांगायचं नाही, असं ब्रीडानेच आईकडून आणि डेनिसकडून कबूल करून घेतलं होतं.

“क्लबची व्हॉलंटिअर तुझी आई होती. मी नव्हते.”

मी दार धरून उभी.

मागून आई म्हणाली, “आधी तिले आत त घे. थंडी वाजत असन.”